घरातली मोरी

बदलीच्या नोकरीत गावे लक्षात राहतात ती घरांवरून, आणि घरे लक्षात राहतात ती त्यांतल्या गैरसोयींवरून. ज्यांनी परप्रांतांत पाच-सहा बिऱ्हाडे थाटली आणि मोडली, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

यंदा माझी बदली महेश्वरला झाली. निवृत्तीपूर्वीची ही बहुधा शेवटचीच. लहान गावी केंद्राचा घरभाडे भत्ता २०२४ पासून मूळ वेतनाच्या १० टक्के. तेवढ्यात बसतील अशी दोन घरे मी पाहून ठेवली. पैकी माडीवरच्या घराच्या सज्जातून नर्मदा दिसे आणि अहिल्याबाईंचा किल्लाही. मराठी माणसाला परमुलखात याहून अधिक काय हवे? मनातल्या मनात मी तेथे खुर्ची टाकून बसलोही होतो.

सौ. आली. तिने सज्जाकडे ओझरते पाहिले आणि विचारले, "धुणे कोठे धुवायचे?" घरमालक म्हणाले, नळ खाली चौकात आहे, आणि घाट तर हाकेच्या अंतरावर. ती काही न बोलता जिना उतरू लागली.

मला राग आला. प्रत्येक गावी हिचा पहिला प्रश्न हाच. "धुण्याला बाई लावू; अशी नदी पुन्हा मिळायची नाही," मी म्हणालो.

"अहो, जिना पाहिलात का?" एवढेच ती म्हणाली.

आणि मला १९९४ सालचे, उत्तरेतल्या एका तालुक्याच्या गावचे आमचे पहिले बिऱ्हाड आठवले. राहणे माडीवर, नळ चौकात, वाळत घालायच्या दोऱ्या गच्चीवर. १५ लिटरची बादली म्हणजे १५ किलो पाणी; पिळलेल्या धुण्याचे ओझे आणखी निराळे. मधल्या २८ पायऱ्या ती रोज चढे, तेव्हा मी कचेरीत असे. तिला पाचवा महिना होता. श्रावणातल्या झडीने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. पुढचे लिहवत नाही. त्याविषयी आम्ही कधी बोललोही नाही. दोन वर्षांनी मुलगी झाली, आणि ती ते विसरली असे मी धरून चाललो. त्यानंतर आठ गावी तिने हाच प्रश्न विचारला, आणि आठही वेळा मला तो धुण्याविषयीचाच वाटला.

दुसरे घर तळमजल्यावरचे, आतल्या गल्लीतले. खिडकीतून शेजारची भिंत दिसे. पण स्वयंपाकघराला लागून ऐसपैस मोरी होती, नळाला पाणी होते, आणि धुण्याच्या यंत्रासाठी मोठा प्लगही बसवलेला होता. मी नळ सोडला, पाणी कोठे तुंबत नाही ना ते पाहिले, आणि तिने काही म्हणण्याआधीच मालकांना होकार दिला.

नर्मदा येथून दिसत नाही. यंत्र थांबले की कपड्यांची बादली मी उचलतो. दोरी अंगणातच, चार पावलांवर आहे. तेवढ्यासाठी कशाला उठता, असे ती रोज म्हणते. मी उठतो.