मर्सीच्या दोन काठांवर डीन

लिव्हरपूलला आलेला पाहुणा बहुधा बीटल्सच्या मागे लागतो. मी आधी मर्सी नदीपलीकडचं बर्कनहेड गाठलं. फुटबॉलपटू विल्यम राल्फ डीन 1907 मध्ये तिथल्या लेअर्ड स्ट्रीटवर जन्मला. रस्ता साधाच, भिंतीला भिंत लागलेल्या विटांच्या घरांचा. डीनचे वडील रेल्वेत होते. तोही पोरवयात रेल्वेतच फिटरचं काम शिकत होता. जग त्याला ‘डिक्सी’ म्हणे. त्याला ते नाव मुळीच आवडत नसे. आपल्या माणसांत तो बिल.

गावच्या ट्रॅनमिअर रोव्हर्सकडून लिव्हरपूलच्या एव्हर्टन क्लबनं त्याला 1925 मध्ये 3000 पौंडांना घेतलं. अठरा वर्षांचा पोरगा नदीपार गेला. नदीखालच्या बोगद्यातून 1886 पासून गाडी धावते. मीही तिनंच आलो आणि कर्कडेलला उतरून गुडिसन पार्कपर्यंत चालत गेलो. तेव्हा एव्हर्टनचा पुरुषांचा संघ अजून तिथंच खेळत होता. 2025 मध्ये तो गोदीकाठच्या नव्या मैदानावर गेला. गल्ल्यांच्या मधोमध हे मैदान, आणि त्याच्या एका कोपऱ्यात सेंट ल्यूक चर्च असं घुसलेलं, की आधी कोण आलं असा प्रश्न पडावा. 1 मार्च 1980 रोजी, लिव्हरपूलविरुद्धचा सामना बघायला आलेला असताना, डीन इथंच गेला.

पण इथं यायचं ते 1928 साठी. त्याआधी दोन वर्षं मोटरसायकलच्या अपघातात त्याची कवटी फुटली होती. तो पुन्हा खेळेल याची खात्री नव्हती, आणि काही महिन्यांत गडी डोक्यानंच गोल मारू लागला! 1927-28 च्या मोसमात शेवटचे दोन सामने उरले तेव्हा नव्या विक्रमासाठी लागणाऱ्या 60 गोलांना 7 कमी होते. बर्नलीला 4 झाले. 5 मे रोजी गुडिसनवर समोर आर्सेनल. दोन गोल झाले, तिसरा काही होईना. सामना संपत आला असता ठेंगण्या अ‍ॅलेक ट्रूपनं कॉर्नर मारला, डीन उसळला, आणि 39 सामन्यांत 60. आर्सेनलनं नंतर 3-3 बरोबरी साधली, पण त्याकडे लक्ष कुणाचं असणार? एव्हर्टन आधीच विजेता ठरला होता. मला कीव येते ती मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलची. आदल्याच मोसमात त्यानं दुसऱ्या श्रेणीत 59 मारले होते. वर्षभर तरी टिकायला हवा होता बिचाऱ्याचा विक्रम.

एवढ्या कर्तबगारीचं मोल काय? खेळाडूंच्या पगाराला तेव्हा सरसकट कमाल मर्यादा होती: मोसमात आठवड्याला 8 पौंड, उन्हाळ्यात 6. साठ मारा की सहा, क्लबला त्याहून जास्त देताच येत नसे. क्लबनं सोडल्याशिवाय दुसरीकडे जायचीही सोय नव्हती. लीगमध्ये एव्हर्टनसाठी 349 गोल करून 1938 मध्ये तो नॉट्स काउंटीला गेला. व्यवहार पुन्हा 3000 पौंडांचाच झाला, आणि पैसे याही वेळी क्लबच्याच खात्यात गेले.