मयताचे कपडे

आमच्या दादीच्या गोधडीत सारे घराणे होते. अब्बांची लुंगी, फुफीचा दुपट्टा, ईदचे विटलेले कुर्ते. मयताचे कपडे मात्र ती गोधडीला लावत नसे. धुऊन गरिबाला देई.

पहिल्या महायुद्धातल्या ड्यूझबरीविषयी वाचले तेव्हा आम्हाला दादीच आठवली. हे इंग्लंडच्या यॉर्कशायरातले गाव. शेजारच्या बॅटलीत १८१३ साली बेंजामिन लॉ याने लोकरी चिंध्या पिंजून नवे कापड काढले होते. त्याला म्हणत शॉडी. युद्धात ब्रिटिश लष्कर आघाडीवरचे फाटके गणवेश गोळा करून ड्यूझबरीला धाडू लागले. बायका ते निवडत, फाडत. चिंध्यांचे सूत, सुताचे कापड, कापडाची पुन्हा ब्लँकेटे नि गणवेश. भटारखान्यातली चरबीसुद्धा सोडली नाही. तिच्यातून ग्लिसरीन काढून स्फोटकांना पुरवले. काटकसर थक्क करणारी, हे कबूल.

पण १९१४-१५ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर हिंदी पलटणीही होत्या. त्यांत पंजाबी मुसलमान होते, पठाण होते. शहिदाला अंगावरच्या कपड्यांतच दफन करावे, असे आपल्यात सांगतात. इंग्रजांसाठी लढणारे शहीद कसले, असे कुणी म्हणेल. म्हणू दे. त्यांतल्या एखाद्याचा कोट चिंध्यांत गेला असेल काय? गेला असल्यास तो पुढे कुणी पांघरला?

आता हा धंदा आपल्या पानिपतात आहे. परदेशांतले जुने कोट तिथे येतात, ब्लँकेटे होऊन निघतात.

दादी गेली तेव्हा तिचे कपडे आम्ही धुऊन वाटले. गोधडीही द्यायला हवी होती. दिली नाही.