भिजलेली टोपी

मैत्रिणींनो, घरात काळी फेल्टची टोपी घालणारे कुणी वडीलधारे असतील, तर पावसाळ्यात ती टोपी सांभाळणं आपल्याच वाट्याला येतं. आमचे मामंजी टोपीवाचून उंबरठा ओलांडत नाहीत. गेल्या वर्षी एका लाँड्रीवाल्याने ओल्या टोपीवर गरम इस्त्री फिरवली नि ती डोक्यात शिरेना. मामंजी चकार शब्द बोलले नाहीत. पण नवी येईपर्यंत आठ दिवस देवळात गेले नाहीत!

फेल्ट म्हणजे विणलेलं कापड नव्हे, बरं का. ओलावा, ऊब आणि दाब देऊन लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतवलेले असतात. तंतूंवर बारीक खवले असतात. ओलेपणी धग लागली, चोळाचोळ झाली, की ते आणखी घट्ट अडकतात नि टोपी आक्रसते. म्हणून शेगडी नको, ऊनही नको.

कोरड्या पंचाने नुसतं टिपून घ्या. आतली पट्टी बाहेर उलटवा, कारण पाणी मुरतं ते तिथंच. मग जुन्या धोतराचा स्वच्छ बोळा आत भरून टोपीला आकार द्या. वर्तमानपत्र भरू नका, शाई लागते. खुंटीला तर मुळीच अडकवू नका, चोच येते! पंख्याखाली दिवसभर राहू द्या. चिखल वाळल्यावरच मऊ ब्रशने, लवेच्या दिशेने झाडा. पुरती सुकल्याशिवाय कपाटात ठेवलीत तर बुरशी धरेल. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या कागदात गुंडाळून शेजारी ठेवा.