छायाचित्राची साक्ष

सुट्टी संपली, सामान जागच्या जागी लागले, सोबत आणलेला दोदोल शेजारीपाजारी वाटून झाला, की आपल्या धर्मग्रामातील बहुतेक घरांत एक काम तेवढे मागे उरते. ते म्हणजे काढलेली छायाचित्रे पाहणे. एके काळी हे काम अर्ध्या तासाचे होते. ३६ चित्रांचे एक रीळ, त्यांतील चार-पाच वाया गेलेली. उरलेली आल्बममध्ये लावली की यात्रा खऱ्या अर्थाने पूर्ण होई. आता आठवडाभराच्या प्रवासातून परतताना कॅमेऱ्याच्या कार्डावर हजारभर चित्रे सहज असतात आणि ती पाहण्यास कुणालाच सवड नसते.

१९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचे वजन साडेतीन किलोंहून अधिक होते. अवघ्या १०,००० ठिपक्यांचे एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरविण्यास त्याला २३ सेकंद लागत. आज तळहातावर मावणारा कॅमेरा क्षणार्धात दोन कोटी ठिपक्यांचे रंगीत चित्र टिपतो. साधन एवढे सुधारले. परंतु त्याबरोबर आपले पाहणे सुधारले काय, हा प्रश्न आम्हांस वारंवार पडतो.

२०२४ सालच्या डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी आम्ही सहकुटुंब जुन्या गोव्यास गेलो होतो. दहा वर्षांनी येणारा हा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू झाला व ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. अशा ठिकाणी कॅमेरा कसा वापरावा, याचे काही धडे तेथील वास्तूच शिकवितात.

पहिला धडा प्रकाशाचा. बॉम जेझूची बासिलिका बाहेरून गिलाव्याविना उघड्या जांभ्या दगडाची आहे, तर रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल चुन्याने पांढरेशुभ्र. भर दुपारी दोन्हींचे चित्र निस्तेज येते आणि माणसांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तास मात्र उदार असतो. तिरप्या किरणांत जांभ्याचा कण न् कण उठून दिसतो व चेहऱ्यांवर मऊ उजेड राहतो. दुपारीच चित्र काढणे भाग असेल तर मंडळींना झाडाच्या किंवा ओसरीच्या सावलीत उभे करावे.

दुसरा धडा कॅमेऱ्याच्या भोळेपणाचा. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे असावे, असे तो गृहीत धरतो. म्हणून चुन्याची पांढरी भिंत तो मळकट करून टाकतो आणि काळोख्या गाभाऱ्यातील सोनेरी वेदी नको इतकी उजळतो. यावर उपाय सोपा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांवर अधिक-उणे अशी खूण असलेले बटण असते. पांढऱ्या भिंतीसमोर ते एक घर अधिककडे न्यावे, मेणबत्त्यांच्या उजेडात एक घर उणेकडे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. सावलीत दडलेला तपशील पुढे संगणकावर बराचसा वर काढता येतो. परंतु जळून पांढरा झालेला भाग कोणत्याही युक्तीने परत येत नाही.

तिसरा धडा स्थिरतेचा. चर्चमध्ये फ्लॅश वापरू नये. एक तर तो प्रार्थनेत व्यत्यय आणतो. दुसरे, कॅमेऱ्यातला लहान फ्लॅश तीन-चार मीटरांपलीकडे पोहोचतच नाही. त्याऐवजी आयएसओ १६०० पर्यंत वाढवावा, कोपर अंगाशी घट्ट धरावे, खांबाचा आधार घ्यावा आणि श्वास रोखून बटण दाबावे. पवित्र मिस्सा चालू असताना तर कॅमेरा पिशवीतच शोभतो. अर्पणाच्या क्षणी आपण साक्षीदार नसतो, सहभागी असतो.

माणसांची चित्रे काढताना दोन पावले चालण्याचा आळस करू नये. कुणाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवल्यासारखा दिसत असेल, तर बाजूला सरकल्याने तो नाहीसा होतो. मुलांचे चित्र त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून काढावे. समूहचित्र एकावर न थांबता चार-पाच वेळा काढावे, कारण दहा जणांत कुणाचे तरी डोळे मिटतातच.

घरी आल्यावरचे पहिले काम संस्करणाचे नव्हे, निवडीचे. एका प्रसंगाचे एकच चित्र ठेवावे. आम्ही हजारांतून साठ निवडतो. उरलेल्यांचा मोह आवरणे हेच खरे संपादन होय. मग क्षितिज सरळ करावे, कडेचा अनावश्यक भाग कातरावा, दिव्यांमुळे आलेली पिवळी झाक काढावी, सावल्या किंचित उजळाव्यात. रंग गडद करणारी पट्टी हलक्या हातानेच सरकवावी; जांभा तांबूसच राहावा, शेंदरी होऊ नये. मूळ चित्राला हात न लावता नेहमी प्रतीवर काम करावे. ज्यांना सवड आहे त्यांनी चित्रे ‘रॉ’ स्वरूपात घ्यावीत. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा राहतात, १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. सुधारणेला तेवढा वाव अधिक.

येथवरचे सारे तंत्र झाले. खरा प्रश्न पुढे उभा राहतो.

त्या यात्रेतील एक चित्र घरातील सर्वांना आवडले. से कॅथेड्रलच्या प्रांगणात आमच्या मातोश्री लाल लुगडे नेसून चाकांच्या खुर्चीत बसल्या आहेत. हातात जपमाळ आहे, चेहऱ्यावर नुकतेच दर्शन घडल्याचे समाधान. खुर्चीमागे फिक्या निळ्या सदऱ्यातला एक अनोळखी स्वयंसेवक मान वळवून कुणाशी तरी बोलत उभा आहे. आमच्या पुतण्याने संगणकावर काही क्षणांत त्याला पुसून टाकले. त्याच्या जागी पांढरी भिंत इतकी बेमालूम आली की तेथे कुणी होते, अशी शंकाही येऊ नये. चित्र अधिक देखणे झाले, यात संशय नाही.

मातोश्रींना ते दाखविले. त्यांनी चष्मा सावरून पुष्कळ वेळ पाहिले आणि विचारले, “बाळा, तो पोरगा कुठे गेला?”

“आजी, तो मध्येच येत होता. काढून टाकला.”

“अरे, मध्ये कुठला? रांगेतून मला त्यानेच तर नेलं. त्याला घाल परत.”

मूळ चित्र जपून ठेवलेले होते, म्हणून तो परत आला. आज दिवाणखान्यात तेच चित्र लागले आहे.

त्या दिवसापासून आम्ही मनाशी एक रेघ आखली आहे. प्रकाश, रंग, चौकट यांत केलेली सुधारणा म्हणजे आपण जे पाहिले ते नीट सांगणे होय. परंतु असलेला माणूस पुसणे, नसलेला आणून बसविणे, सावळा चेहरा गोरा करणे, ही निराळीच बाब आहे. खोट्या साक्षीविषयीची आठवी आज्ञा केवळ जिभेपुरती नसावी. दिवंगत वडिलांना नातवाच्या प्रथम कम्युनियनच्या चित्रात आणून उभे करण्यामागील माया आम्ही जाणतो, तिचा उपहास करीत नाही. तथापि पन्नास वर्षांनी ते चित्र पाहणाऱ्याला खरे कोण सांगणार? असे चित्र करायचेच, तर त्याच्या पाठीवर तसे स्पष्ट लिहावे.

इ. स. ७८७ मध्ये निकेया येथील दुसऱ्या महासभेने पवित्र प्रतिमांचा सन्मान योग्य ठरविला. प्रतिमेला दिलेला मान तिच्यामागील व्यक्तीला पोहोचतो, हा त्यामागील विचार. घरातील छायाचित्रांना ही पदवी नाही, हे उघडच आहे. परंतु प्रतिमेमागे खरी व्यक्ती असावी, ही अपेक्षा त्यांनाही लागू पडते.

निवडलेल्या चित्रांच्या दोन प्रती ठेवाव्यात, एक आपल्या घरी आणि एक भावंडांकडे. डिस्क बिघडण्याआधी सूचना देत नाही. आणि निदान दहा-बारा चित्रे कागदावर छापून घ्यावीत. १० बाय ८ इंचांच्या उत्तम छपाईला सव्वासात मेगापिक्सेल पुरतात, तेव्हा महागड्या कॅमेऱ्याची सबब सांगू नये. पाठीमागे नावे, गाव, वर्ष लिहावे. आमच्या दिवाणखान्यातील चित्रामागे स्थळ आणि साल आहे, मातोश्रींचे नाव आहे, आणि त्याखाली त्यांच्याच सांगण्यावरून लिहिलेली एक ओळ: “मागे उभा आहे तो मुलगा, नाव विचारायचे राहिले, देव त्याचे भले करो.”