तपशिलाचा रकाना

गेल्या वर्षी आमच्या टीमच्या कोडमधली एक ओळ मला निरुपयोगी वाटली, म्हणून मी ती काढून टाकली. दोन दिवसांत काही ग्राहकांची बिले दोनदा निघाली. ती ओळ मुळात कोणी घातली, हे पाहायला 'गिट ब्लेम' चालवले, तर नाव माझेच! तीन वर्षांपूर्वीच्या त्या कमिटचा संदेश एका शब्दाचा होता: 'फिक्स'.

इंदूरला आजोबांचे किराणा दुकान होते. त्यांच्या वहीत रकमेशेजारी तपशिलाचा रकाना असे. तो कोरा दिसला की बाबांना बोलणी बसत. "आकडा दिसतोच रे, कशाचा ते कोण सांगणार?"

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट बनवले. काय बदलले ते गिट अचूक दाखवते. का बदलले ते मात्र आपणच लिहावे लागते.

ती ओळ परत घालताना मी रीतसर संदेश लिहिला. पहिली ओळ पन्नासेक अक्षरांच्या आत: 'पेमेंटची दुबार सूचना गाळा'. मग एक ओळ मोकळी आणि खाली कारण: 'नेटवर्क तुटल्यास तीच सूचना पुन्हा येते व दुसरे बिल बनते.' लिहायला दोन मिनिटे लागली. आधीच्या एका शब्दापायी आख्खी रात्र गेली होती, शिवाय ग्राहकांची माफी मागावी लागली ती वेगळीच.

परवा टीममधली नवी मुलगी त्याच ओळीपाशी अडली. ती काढायच्या आधी तिने संदेश वाचला आणि ओळ तशीच ठेवली. मला विचारायचीही गरज पडली नाही.