कोल्हापूर संस्थानची डॉक्टर

मी आरमोरीत नववीच्या मुलींना शिकवते. यंदा सावित्रीबाईंच्या जयंतीला वर्गात एक जुना फोटो मोठा करून लावला. तारीख 10 ऑक्टोबर 1885, गाव फिलाडेल्फिया. तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या तीन विद्यार्थिनी शेजारीशेजारी आहेत. दमास्कसची सबत इस्लामबुली तिच्याकडच्या पेहरावात, जपानची केई ओकामी किमोनोत आणि आपली आनंदीबाई जोशी साडीत. खाली हाताने लिहिलेली तिघींची नावे.

वैनगंगेपलीकडून येणारी एक मुलगी फोटोला नाक लावून बघत होती. म्हणाली, "मॅडम, हे बाई त माझ्या आजीसारखीच दिसते!"

मला फार बरे वाटले. परमुलखात, गाउनवाल्या बायकांच्या गराड्यात ही विशीतली पोर आपल्या वेशात कॅमेऱ्यासमोर ताठ राहिली, हे त्या मुलीला न सांगता कळले होते.

मग बाकीचे सांगितले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायची जिद्द तिथली. प्रबंधही त्यांनी प्रसूतिशास्त्रावरच लिहिला. मार्च 1886 मध्ये एम.डी. झाल्या. कोल्हापूर दरबाराने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्री विभागासाठी त्यांची नेमणूक केली. पण क्षयाने पोखरलेले शरीर साथ देईना. 26 फेब्रुवारी 1887 ला त्या पुण्यात वारल्या. कोल्हापूरला रुजू न होताच. ओकामी मायदेशी रुग्णालयात रुजू झाली, पण बाई म्हणून सम्राट मेइजींनी तिला नाकारले. तिने राजीनामा दिला. एका दरबाराने बाईला बोलावले, दुसऱ्याने परतवले. कोल्हापूरचा हा मोठेपणा आपण पुरेसा सांगत नाही, असे मला मनापासून वाटते.

वर्गात शांतता नव्हती, उलट प्रश्नांचा भडिमार होता. आमच्या जिल्ह्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते; दिवस भरलेल्या बाईला आधीच दवाखान्याजवळच्या माहेरघरात आणून ठेवावे लागते. बाळंतपणातली भीती या मुलींना पुस्तकातून शिकवावी लागत नाही.

आशाताई, सिस्टर, सरपंच, तुम्हा सर्वांना माझी विनंती आहे. आपल्या गावच्या उपकेंद्रात हा फोटो लावा. आनंदीबाईंच्या नावाखाली त्यांचे कोल्हापूरचे पद लिहा आणि मृत्यूच्या वेळचे वयही लिहा: 21.