यंत्राचे गाणे आणि आमचा कान

गेल्या वर्षी जयंतीच्या तोंडावर आमच्या घरात पंधरा दिवस अबोला होता. कारण ऐकून वाचक हसतील. अबोला गाण्यावरून होता, आणि त्या गाण्यात एक शब्दही नव्हता.

झाले ते असे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीची बैठक होती. हिशेबाची वही आमच्याकडे असते. डीजेचा खर्च वाचून आम्ही तावातावाने बोललो. "भिंतीएवढ्या स्पीकरांवर आणि यंत्रांच्या धडधडाटावर वर्गणी उधळण्यापेक्षा दहा मुलांची पुस्तके घ्या," असे म्हणालो. माना डोलल्या. घरी आल्यावर चिरंजीवांनी एकच प्रश्न विचारला, "पप्पा, तुम्हाला आवाज नको आहे की यंत्र नको आहे?" आम्ही चिडलो. "दोन्ही नको!" म्हणालो. त्यानंतर तो आमच्याशी बोलेना.

त्याच्या प्रश्नामागे एक जुनी गोष्ट होती. महिनाभर आधी त्याने मोठ्या हौसेने आम्हाला एक तबकडी मोबाईलवर ऐकवली होती. नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ती १९८२ साली एचएमव्हीने काढली. वाजवणारे चरणजित सिंग, मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले कलावंत. तबला नाही, तंबोरा नाही, गाणारा नाही. रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे, त्यांवर दहा राग आणि सगळ्यांना एकच न थांबणारा ठेका. दोन मिनिटांत आम्ही म्हणालो, "बंद कर. लिफ्ट अडकल्यासारखी वाटते." पोराचा चेहरा पडला. आम्ही पेपर उघडला.

आमचा कान कसा घडला तेही सांगितले पाहिजे. आम्ही वाघोलीला राहतो. १ जानेवारीला पेरण्याच्या जयस्तंभाकडे जाणारा जनसागर आमच्याच नगर रस्त्याने जातो. गाडीगाडीवर भीमगीते वाजत असतात. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजांवर आमचे बालपण गेले. आमच्या लोकांना अक्षर यायच्या आधी विचार आला तो जलशांतून आणि गाण्यांतून. म्हणून आमच्या लेखी गाणे म्हणजे शब्द. शब्द नाही तर गाणे कसले? आणि राग? रेडिओवर निवेदक रागाचे नाव सांगायचा, तेव्हा घरातले कोणीतरी स्टेशन बदलायचे. ते आपले नव्हे, ते सभागृहात पुढच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांचे, अशी आमची पक्की समजूत. यंत्राचा तिटकारा आणि रागाचा धाक, दोन्ही बाजूंनी दार बंद होते.

ते दार उघडले आमच्या गायन पार्टीच्या पेटीवाल्या काकांनी. अबोल्याचा आठवडा झाल्यावर सौभाग्यवतींनीच पोराचा मोबाईल काकांपुढे ठेवला. म्हणाल्या, "काका, यात काही आहे का हो, की बापलेक उगीच भांडतात?" काकांनी डोळे मिटून ऐकले. मग पेटी ओढली आणि तेच सूर संथपणे वाजवले. "हा भूपाळी. पाचच सूर. मध्यम नाही, निषाद नाही. आपल्या कितीतरी चाली याच पाच सुरांच्या आसपास फिरतात. यंत्र पळतंय म्हणून तुम्हाला ओळखू येईना." पेटी थांबली, तबकडी पुन्हा लागली, आणि आम्हाला गर्दीत ओळखीचा माणूस दिसावा तसा तो भूपाळी दिसला.

मग आम्ही मनाशी ठरवले की रोज ऑफिसला जाताना बसमध्ये एक राग ऐकायचा. नगर रस्त्याच्या कोंडीत एक राग चार वेळा ऐकून व्हायचा. पहिले दोन दिवस डोके दुखले. ललत आणि तोडी हाती लागेनात. पण आकडेमोडीत आयुष्य गेलेल्या माणसाला एक सवय असते. सारख्या दिसणाऱ्या रकान्यांत कुठला आकडा बदलला ते नजर शोधते. तसा कान शोधू लागला. खालचा ठेका तसाच राहतो, पण वरचा सूर दर फेरीला थोडा पुढे सरकतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. पेटीवर अशी मींड निघत नाही. या यंत्रावर निघते. मेघमल्हाराच्या दिवशी आमचा थांबा मागे गेला तरी आम्ही उतरलो नाही. मालकंसाच्या दिवशी रात्री घरी आलो आणि आपणहून पोराला विचारले, "लेका, हे मधेच पाण्यात बुडी मारल्यासारखं वाजतं ते कसं करतात रे?" अबोला तिथे संपला. रात्री एक वाजेपर्यंत तो सांगत होता.

त्याने सांगितलेली एक गोष्ट सर्वांनी ऐकावी अशी आहे. या यंत्रांतले 'टीबी-३०३' हे बेस गिटार वाजवणाऱ्याच्या जागी वापरायला काढले होते. ते काही चालले नाही आणि कंपनीने १९८४ च्या सुमारास ते बंद केले. ही टाकाऊ ठरलेली यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. अमेरिकेतल्या शिकागो शहरात कृष्णवर्णीय तरुणांनी ती घेतली, नको तशी पिळली, आणि त्यातून १९८७ साली 'अ‍ॅसिड हाऊस' नावाचे नवे संगीत जगापुढे आले. चरणजित सिंगांचे नाव त्यांच्या कानी गेले असण्याचे कारण नव्हते. ज्यांच्या पॅंथरवरून १९७२ साली आपल्या पोरांनी दलित पॅंथरचे नाव घेतले, त्याच समाजाची ही पोरे. दुसऱ्याने टाकून दिलेल्या वस्तूतून स्वतःचा आवाज काढणे ही काय चीज आहे, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको.

मुंबईतली तबकडी मात्र त्या काळी खपली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा जग थक्क झाले. सत्तरी ओलांडलेल्या चरणजित सिंगांचे युरोपात कार्यक्रम झाले. २०१५ साली ते गेले. जवळजवळ तीस वर्षे लोकांचा कान तयार नव्हता. त्या लोकांत आम्हीही होतो.

आमच्या 'यंत्र नको' या म्हणण्याचे तर आम्हालाच हसू आले. पेटी तरी कुठली? तीही युरोपातून आलेले यंत्रच. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने पेटीला बंदी घातली होती. त्याच पेटीवर आमच्या शाहिरांनी गावोगाव बाबासाहेब पोचवले. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. नव्या वाद्याला ते परके मानत नव्हते. आम्ही विहारात 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि पाहा, पारखून घ्या. कालामांना तथागतांनी हेच सांगितले. आणि घरात मात्र दोन मिनिटे ऐकून निकाल दिला.

पोराच्या प्रश्नाचे उत्तर आता आमच्याकडे आहे. आम्हाला यंत्र चालेल, छातीत धडकी भरवणारा आवाज चालणार नाही. २००० सालच्या नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती आपल्याच आजारी माणसांसाठी आणि तान्ह्या लेकरांसाठी आहे. डीजेच्या खर्चाला आमचा विरोध आजही आहे. पण तो मांडताना तरुणांच्या गाण्याला नावे ठेवणे आम्ही सोडले.

यंदा जयंतीच्या संध्याकाळी विहारात काकांनी पेटीवर भूपाळी वाजवला आणि मागोमाग चिरंजीवांनी लहान स्पीकरवर तबकडीतला भूपाळी लावला. एक आजी म्हणाल्या, "बाई, पिठाची गिरणी चालू झाली का काय?" सगळे हसले. काही जण उठून गेले. आजी मात्र शेवटपर्यंत बसल्या आणि जाताना पोराला म्हणाल्या, "फुडल्या बारीला जरा हळू लाव. कळंल मला."

बांधवांनो, आपली मुले काही ऐकत असतील तर त्यांच्या शेजारी जरा बसा. आवडेलच असे नाही. पण निकाल देण्याआधी गाणे पूर्ण होऊ द्या.

जयभीम.